ओळखीचा खेळ आणि पडद्यामागील अनाम माणसे

एकाने मनात एखादी व्यक्ती धरावयाची आणि इतरांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारून ती ओळखावयाची, हा खेळ मित्रमंडळी आता एका ठिकाणी न जमताही खेळतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा घरात अडकून पडलेल्या अनेकांनी संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर असेच खेळ मांडले. खेळ वरवर पाहता साधा. परंतु त्याची रचना काटेकोर आहे. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्यावर आणल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ व्यक्तींमधून एक निवडता येते. मात्र त्यासाठी एक अट आहे. मनात धरलेल्या व्यक्तीचे नाव खेळणाऱ्यांना आधीच ठाऊक असले पाहिजे. ही अट खेळात कोठून आली आणि तिच्यामुळे कोण खेळाबाहेर राहिले, याचा विचार करण्यास अंधेरी व तिच्या शेजारच्या उपनगरांतील चित्रपटव्यवसायाचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

ओळख लपवून ती शोधावयास लावण्याची आवड आपल्याकडे फार जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना केली आहे, आणि दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. मराठीत ‘उखाणा’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एका अर्थाने तो कोडे होय. कोकणात त्यासच हुमाण म्हणतात. दुसऱ्या अर्थाने तो पतीचे अथवा पत्नीचे नाव गुंफलेला पद्यबंध होय. या दोहोंत जे लपविले जाते, ते श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे असते. तीन डोळे आणि पोटात पाणी ही लक्षणे ऐकताच नारळ आठवावा, एवढीच कोड्याची अपेक्षा असते. नाव घेणाऱ्या नववधूच्या पतीचे नाव तर मांडवातील सर्वांनाच माहीत असते. येथे कोणाचे ज्ञान कसोटीस लागत नाही; जे सर्वांचे आहे, त्याचा उच्चार क्षणभर लांबवण्यात आनंद असतो.

विसाव्या शतकात नभोवाणीने या खेळाचे स्वरूप पालटले. ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ हा कार्यक्रम अमेरिकेत १९४६ मध्ये आणि ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९४७ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ हीदेखील आरंभी एक स्पर्धाच होती. क्रम न लावता सात गीते ऐकवली जात आणि त्यांचा लोकप्रियतेनुसार क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवावयाचा असे. पुढे १९७२ पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ नभोवाणीवर आली, आणि ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ने प्रश्नोत्तरांचा खेळ दूरचित्रवाणीवर लाखो घरांत नेला. आता अंगणातील वस्तूंची जागा व्यक्ती, चित्रपट, सन आणि पारितोषिके यांनी घेतली. उत्तर सर्वांना ठाऊक असण्याऐवजी कोठेतरी नोंदलेले असणे महत्त्वाचे ठरले.

ही नोंद कोण ठेवतो, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. १९५० मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलेल्या अंधेरीत त्या सुमारास चित्रपटव्यवसायाचा चांगलाच जम बसला होता. प्रकाश पिक्चर्स आणि मोहन स्टुडिओ येथे होते. १९५८ मध्ये शशधर मुखर्जी यांच्या फिल्मालयाची भर पडली. पार्श्वगायन रूढ झाल्यापासून चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हा या व्यवसायाचा नियमच झाला होता. ओळखीच्या खेळाला याहून अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. ‘पडद्यावरील तानसेनाला आवाज कोणी दिला?’ या प्रश्नाला अंधेरीपुरतीच दोन अचूक उत्तरे आहेत. प्रकाश पिक्चर्सच्या ‘बैजू बावरा’त (१९५२) तो आवाज अमीर खाँ यांचा होता, तर बैजूच्या बाजूने दत्तात्रेय विष्णु पलुसकर गायले होते. मोहन स्टुडिओत मुख्यतः चित्रित झालेल्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) तोच तानसेन बडे गुलाम अली खाँ यांच्या आवाजात गातो. चतुर खेळाडू म्हणूनच प्रथम चित्रपटाचे नाव विचारून घेतो.

हे गवई आधीच कीर्तिमंत होते. ज्यांची कीर्ती अद्याप झाली नव्हती, त्यांची स्थिती निराळी होती. अंधेरीच्या उत्तरेस, त्याच लोहमार्गावरील मालाड येथील बॉम्बे टॉकीजने १९४९ मध्ये ‘महल’ हा चित्रपट काढला. कमाल अमरोही हे त्याचे दिग्दर्शक व खेमचंद प्रकाश हे संगीतकार होते. त्यातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. कामिनी हे मधुबालाने रंगविलेल्या पात्राचे नाव. आणि कथेत तर तेही खरे नव्हे, कारण माळ्याची मुलगी आशा हीच कामिनी म्हणून वावरत असते. एका बनावट नावाआड दुसरे खरे नाव अशा प्रकारे दडले होते. गीत नभोवाणीवर गाजू लागताच ही गायिका कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी केली. तेव्हा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडून नाव मिळवून ते जाहीर करण्यात आले: लता मंगेशकर. श्रोत्यांच्या दृष्टीने हा खेळ नव्हता. उत्तर कोणास माहीत आहे याची त्यांना कल्पना नव्हती. ऐकलेल्या आवाजाला नाव असले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती.

वाद्यवृंदातील वादकांसाठी अशी पत्रे कोणी लिहिली नाहीत. गीतांची वाद्यरचना लिहून देणारे आणि ती वाजविणारे अनेक कलावंत गोव्याहून आलेले होते. त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत आणि आली तरी बहुधा ‘साहाय्यक’ म्हणून येत. माजोर्डे येथे १९२७ मध्ये जन्मलेले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. भारतीय आणि पाश्चात्य संगीत एका वृंदात आणण्याचा प्रयत्न त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत केला होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’साठी गीत रचले जात असता प्यारेलाल यांनी गुरूचे नाव पात्राला देण्याचे सुचविले, आणि ते देशभर लोकांच्या ओठी बसले. ‘महल’मध्ये पात्राच्या नावाने खऱ्या गायिकेस झाकले, येथे पात्राच्या नावानेच एका वादकाचे नाव टिकविले. तथापि गीत म्हणणाऱ्या बहुसंख्यांना या नावाचा खरा माणूस आहे याची जाणीव नव्हती. २०१२ मध्ये गोन्साल्विस निवर्तले, तोपर्यंत त्यांचे नाव प्रश्नमंजूषेतील एक आवडता प्रश्न बनले होते. ज्यांचा शिष्य संगीतकार झाला नाही, त्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आजच्या खेळात उत्तर क्षणात शोधून काढणारी यंत्रे प्रत्येकाच्या हाताशी आहेत. २००७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेला ‘अकिनेटर’ तर स्वतःच प्रश्न विचारून मनातील व्यक्ती ओळखतो. न ओळखल्यास खेळाडूंकडून नवे नाव मागून आपल्या संग्रहात घालतो. यंत्र कितीही तरबेज झाले, तरी त्याचा संग्रह लोकांनी सांगितलेल्या नावांचाच असतो. मित्रांचा खेळ यंत्रापुढे टिकतो तो परस्परांच्या भरवशावर. पडद्यापलीकडचा गडी गुपचूप शोध घेणार नाही, असे प्रत्येकजण गृहीत धरतो. मांडवातही सारे जण असेच गप्प राहत; नाव ठाऊक असूनही ते वधूच्या तोंडून ऐकण्यासाठी थांबत. त्या अर्थाने उखाण्याचा धागा आजच्या खेळापर्यंत अखंड पोहोचतो.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकास खेळाडूचे सुख लाभत नाही. खेळाडूस उत्तर आहे याची खात्री असते. मोहन स्टुडिओच्या शीशमहालात चित्रित झालेल्या गीतामागे कोणते वादक होते, त्या आरशांच्या तुकड्यांची जडण कोणत्या कारागिरांनी केली, अशा प्रश्नांची उत्तरे श्रेयनामावलीपाशी थांबून मिळत नाहीत. स्टुडिओंची हिशेबपत्रके, वादकांच्या घरी राहिलेल्या स्वरलिपीच्या वह्या आणि जुन्या कामगारांच्या आठवणी ही साधने मिळतील तेथे जतन केली पाहिजेत. अंधेरीतील जुने स्टुडिओ एकामागून एक बंद पडले असून मोहन स्टुडिओही आता राहिलेला नाही. ती माणसे व ती कागदपत्रे गेल्यावर ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणाराही कोणी उरणार नाही.