संकेतस्थळांची शिरगणती

वृत्तपत्राच्या खपाचा आकडा मालकाने सांगावा आणि जाहिरातदाराने तो मुकाट्याने मान्य करावा, हा शिरस्ता मोडण्यासाठी १९१४ साली शिकागो येथे आणि १९४८ साली मुंबईस 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' या नावाच्या संस्था स्थापन झाल्या, व ज्याचा लाभ त्यानेच दाखला देऊ नये, हिशेब तिऱ्हाइताने तपासावा, हे तत्त्व छापखान्यांच्या दुनियेत रूढ झाले. इंटरनेटच्या आरंभकाळी मात्र या शिस्तीचे विस्मरण झाले. आणि संकेतस्थळांवरील वर्दळ मोजण्याच्या साधनांचा इतिहास म्हणजे ती शिस्त पुन्हा, आणि तीही अपुरीच, अंगी बाणवण्याचा इतिहास होय.

पहिले साधन कोणी मुद्दाम घडविले नव्हते. संकेतस्थळाचा सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ आपल्या रोजकीर्दीत लिहीत असे: मागणी करणाऱ्या संगणकाचा पत्ता, दिनांक व वेळ, मागितलेली फाइल, मागणी पुरी झाली की नाही हे दर्शविणारा अंक आणि पाठविलेल्या बाइटांची संख्या. या दप्तराचा हेतू यंत्राची देखभाल हा होता. परंतु व्यापाऱ्यांच्या दृष्टीस ते पडताच त्यातील ओळींची बेरीज 'हिट' म्हणून मिरविली जाऊ लागली, आणि दहा चित्रे असलेले एक पान एका मनुष्याने एकदाच उघडले तरी अकरा हिटांची नोंद होते, ही गोष्ट सोयीस्करपणे अनुक्त राहिली.

केंब्रिज विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ स्टीफन टर्नर यांनी १९९५ साली 'ॲनालॉग' नावाची प्रणाली सिद्ध करून या रोजकीर्दीचे पद्धतशीर गोषवारे काढण्याची सोय केली. तथापि त्यांचे खरे मोठेपण असे, की या नोंदींवरून किती व्यक्ती येऊन गेल्या हे निश्चयाने सांगता येत नाही, असे त्यांनी प्रणालीच्या माहितीपत्रकातच बजावून ठेवले. एकाच प्रॉक्सीआडून, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरमार्फत, येणारी शेकडो माणसे सर्व्हरला एकाच पत्त्याची दिसतात, आणि वाचकाच्या संगणकात साठविलेली प्रत पुन्हा उघडली गेली तर सर्व्हरला तिची वार्ताही लागत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी पानातच आज्ञावलीचा एक तुकडा घालून वाचकाच्या ब्राउझरकडूनच वर्दी मिळविण्याची रीत पुढे आली, आणि १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी योजिलेल्या 'कुकी' या ब्राउझरात ठेवल्या जाणाऱ्या खुणेमुळे परतून आलेला ब्राउझर ओळखता येऊ लागला. गूगलने 'अर्चिन' ही कंपनी २००५ साली विकत घेऊन त्याच वर्षी 'गूगल ॲनालिटिक्स' विनामूल्य खुले केल्यावर ही रीत घरोघर पोहोचली. साठविलेल्या प्रतींचे वाचन तीत मोजले जाते आणि पुष्कळसे यांत्रिक अभ्यागत (बॉट) गळून पडतात. परंतु जाहिराती रोखणाऱ्या साधनांचे वापरकर्ते निसटतात, आणि कचेरीत संगणकावर व घरी फोनवर वाचणारा एकच गृहस्थ दोन इसम म्हणून नोंदला जातो.

१९९६ साली स्थापन झालेल्या 'अलेक्सा'ने तिसरा मार्ग धरला. आपली पट्टी (टूलबार) ब्राउझरात बसवून घेणाऱ्यांच्या भ्रमंतीवरून सर्व संकेतस्थळांची क्रमवारी लावणारी ही पद्धती नमुन्यावर आधारलेली होती, आणि पट्टी बसविणारे लोक सर्व वाचकवर्गाचे प्रतिनिधी होते असे मानण्यास आधार नव्हता. तरीही १ मे २०२२ रोजी ती सेवा बंद होईपर्यंत तिच्या क्रमांकावर सौदे होत राहिले.

यास्तव साधन निवडताना प्रथम प्रयोजन ठरवावे: सर्व्हरवरील भार, चुकलेल्या मागण्या आणि यांत्रिक अभ्यागत यांसाठी रोजकीर्द, वाचकांच्या वर्तनासाठी पानातील आज्ञावली, आणि प्रतिस्पर्ध्याचे दप्तर आपल्या हाती नसते म्हणून तेवढ्यापुरता नमुना. मग त्या साधनाचा नियम वाचावा. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीत मध्यरात्र उलटली की चालू असलेली भेट संपून दुसरी सुरू होई, नव्या पद्धतीत तसे होत नाही. त्यामुळे १ जुलै २०२३ पासून जुनी पद्धत थांबविण्यात आल्यावर ज्यांनी दोन्ही काळांचे आकडे एकाच आलेखात मांडले, त्यांना वाचक न घटताही भेटी घटल्याचा भास होणे शक्य होते. कोणतेही साधन निर्दोष नाही. परंतु ज्याचा नियम जाहीर आहे व वर्षानुवर्षे बदललेला नाही आणि ज्याचा हिशेब तिऱ्हाइतास तपासता येतो, त्याचा सदोष आकडाही व्यवहारात उपयोगी पडतो.