कॉपी करायला परवानगी आहे

वर्गात ‘कॉपी’ हा शब्द आपण बहुतेक वेळा रागानेच उच्चारतो. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरून लिहिले तर ती कॉपी. पण तापामुळे घरी राहिलेल्या मैत्रिणीला आपली वही उतरवून घ्यायला दिली, तर तो चांगुलपणा. कृती एकच आहे, एकाने लिहिलेले दुसऱ्याने पुन्हा लिहिणे. कोणाच्या संमतीने, कशासाठी आणि मूळ लिहिणाऱ्याचे नाव राखून की पुसून, यावर सारा फरक ठरतो. संगणकाच्या इतिहासात नेमक्या याच फरकावरून मोठे वाद झाले. त्या वादाच्या काळातच काही हौशी माणसांनी एक चांगली वहिवाट पाडली. स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्या फ्लॉपी चकत्यांवर भरून ते एकमेकांना राजीखुशीने देऊ लागले. त्या वहिवाटीची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

कागदी पट्टी आणि एक रागाचे पत्र

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. सुटे भाग मागवून तो घरी जोडता येत असे. मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. आकृत्या, सुटे भाग, युक्त्या अशी सगळीच देवाणघेवाण तेथे चाले.

अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक ही भाषा तयार केली होती. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर ती मिळत असे. अशी एक पट्टी मंडळींच्या हाती लागली आणि तिच्या प्रती निघू लागल्या. प्रत नेणाऱ्याने पुढच्या सभेला येताना दोन प्रती आणाव्यात, असा रिवाज पडला होता असे सांगतात.

फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. अल्टेअरधारकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे. ते तयार करताना वापरलेल्या संगणक-वेळेचीच किंमत ४०,००० डॉलरहून जास्त होते. हाती आलेला मोबदला मात्र तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही, असा त्यांचा हिशेब होता. यंत्राचे पैसे देता, मग ते चालवणाऱ्या आज्ञावलीचे का देत नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

पत्रामुळे पुष्कळजण चिडले. पण प्रश्न खोटा नव्हता. ज्याने रात्रीचा दिवस करून काही लिहिले, त्याला न विचारता त्याची वस्तू वाटणारा माणूस उदार कसा म्हणावा? तो दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करत असतो.

या प्रश्नाला काहींनी कृतीने उत्तर दिले. टॉम पिटमन यांनी ‘टायनी बेसिक’ची आपली आवृत्ती अवघ्या ५ डॉलरला विकायला काढली. किंमत वाजवी असली की लोक पैसे देतात, हे त्यांना दाखवायचे होते. ली-चेन वांग यांनी १९७६ मध्येच आपल्या टायनी बेसिकची संपूर्ण संहिता छापू दिली आणि ‘सर्व हक्क राखीव’ या ठराविक वाक्याची थट्टा करणारी एक ओळ तिच्या माथ्यावर घातली. एकाने विकले, दुसऱ्याने वाटले. मात्र दोघांनीही जे दिले ते स्वतःचे होते.

आधी वापरा, मग पैसे द्या

आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी एक वेगळी कल्पना पुढे आली. अँड्र्यू फ्लुगलमन यांनी ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ या आज्ञावल्या लोकांना प्रती काढण्याची मुभा देऊन सोडल्या. उपयोगी वाटली तर थोडे पैसे पाठवा, एवढीच त्यांची विनंती होती. पैसे खरोखरच येऊ लागले. नॉफ आयबीएममध्ये नोकरीला होते. १९८४ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या नोकरवर्गातले बॉब वॉलेस यांनी १९८३ मध्ये ‘पीसी-राइट’ काढले. त्याची चकती १० डॉलरला आणि नोंदणी ७५ डॉलरला होती. आपण दिलेल्या प्रतीवरून पुढे कोणी नोंदणी केली, तर प्रत देणाऱ्याला २५ डॉलर मिळत. कॉपी करणारा माणूस येथे विक्रेताच झाला होता! या पद्धतीला पुढे ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झाले.

अॅरिझोनातील एक संग्राहक

आमच्या हकीकतीचा खरा नायक मात्र फ्रेड फिश हा आहे. अॅरिझोना राज्यात राहणारा हा प्रोग्रॅमर. कमोडोर कंपनीने जुलै १९८५ मध्ये अमिगा हा संगणक बाजारात आणला. रंग, आवाज आणि एकाच वेळी अनेक कामे करण्याची क्षमता यांमुळे तो घरगुती वापरणाऱ्यांना फार आवडला. पण त्यासाठी आज्ञावल्या थोड्याच होत्या. लोकांनी त्या स्वतः लिहिल्या. आपण लिहिलेले दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या अमिगाधारकापर्यंत पोहोचवायचे कसे, ही अडचण उरली.

फिशने लेखकांकडून आज्ञावल्या मागवल्या, त्यांतील चांगल्या निवडल्या, क्रमांक घातलेल्या चकत्यांवर भरल्या आणि त्या टपालाने जगभरच्या हौशी मंडळांना धाडल्या. मंडळाच्या सभेत त्यांच्या प्रती निघत, आणि कोऱ्या चकतीच्या खर्चापलीकडे सहसा पैसे लागत नसत. ही मालिका १९८६ ते १९९४ अशी चालली आणि चकत्यांची संख्या हजाराच्या वर गेली. लोक त्यांना ‘फिश डिस्क’ म्हणत.

पहिल्याच चकतीवर दोऱ्यांना टांगलेल्या गोळ्यांचे सादृश्य दाखवणारी एक छोटी आज्ञावली होती. एका टोकाचा गोळा सोडला की दुसऱ्या टोकाचा उडतो, हा संवेग-अक्षय्यतेचा प्रयोग विज्ञानशिक्षकांना नव्याने सांगायला नकोच.

फिशचे मोठेपण आम्हाला त्याच्या याद्यांत दिसते. प्रत्येक आज्ञावलीपुढे ती काय करते, कितवी आवृत्ती आहे, आधीची आवृत्ती कोणत्या क्रमांकाच्या चकतीवर होती, मूळ संहिता सोबत आहे की नाही आणि लेखक कोण, अशी नोंद असे. कोणी पैशांची अपेक्षा ठेवली असेल तर तेही लिहिलेले असे. हक्काबाबत वांधा निघाला तेव्हा त्याने काही चकत्या मालिकेतून मागेही घेतल्या. ग्रंथपाल जसा प्रत्येक पुस्तकाची दाखलनोंद ठेवतो, तसेच हे काम होते. फक्त या ग्रंथालयातले पुस्तक परत करायचे नसे, पुढे द्यायचे असे.

एका चकतीचे गणित

टपालानेच का, दूरध्वनीवरून का नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. त्याच्याकडूनच हिशेब करून घ्यावा. अमिगाच्या साडेतीन इंची चकतीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे ११ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट. गुणाकार केला की ९,०१,१२० बाइट, म्हणजेच ८८० किलोबाइट होतात. त्या काळचा मोडेम सेकंदाला १२०० बिट पाठवी. आरंभाचा व शेवटचा बिट धरून प्रत्येक अक्षराला १० बिट लागत, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरे. एक चकती पाठवायला सुमारे ७,५०० सेकंद, दोन तासांच्या वर! एवढा वेळ परगावचा दूरध्वनी चालू ठेवण्यापेक्षा दहा चकत्यांचे पाकीट टपालात टाकणे कितीतरी स्वस्त होते.

प्रत काढणेही सोपे नव्हते. चकती वाचण्याची एकच खाच आणि ५१२ किलोबाइट स्मृती असलेल्या संगणकात संपूर्ण चकती एकदम मावत नसे. थोडी वाचायची, ती काढून कोरी चकती घालायची, तेवढे लिहायचे, पुन्हा मूळ चकती घालायची, असे दोन-तीनदा करावे लागे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी फ्लॉपींची खोकी सांभाळली, त्यांना हा चकत्यांचा फेरा आठवत असेल.

पण एवढे करून मिळणारी प्रत मुळाबरहुकूम असे. पोथीवरून पोथी उतरवताना लेखनिकाचे दोष साठत जातात आणि दहाव्या पोथीत काही ओळी बदललेल्या सापडतात. चकतीवर प्रत्येक भागासोबत एक तपासणी-संख्या लिहिलेली असते. वाचलेल्या अंकांवरून ती पुन्हा काढायची आणि लिहिलेल्या संख्येशी ताडून पाहायची. जुळली नाही तर वाचनात चूक आहे. त्यामुळे शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघे.

‘फुकट’ म्हणजे नेमके काय?

या चकत्यांवरील सारे काही ‘फुकट’ होते असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. काही आज्ञावल्यांवरचा हक्क लेखकाने पूर्णपणे सोडलेला असे. त्या सार्वजनिक मालकीच्या. काहींवर हक्क लेखकाचाच, पण बदल न करता आणि नफा न घेता प्रती वाटण्याची परवानगी. काही शेअरवेअर: वाटायला मोकळ्या, नियमित वापरायच्या तर पैसे पाठवायचे. अमेरिकेत १ मार्च १९८९ पर्यंत हक्काची सूचना न छापता प्रसिद्ध केलेली कृती सार्वजनिक होऊन जाण्याचा धोका होता. त्या दिवसापासून तेथे बर्न करार लागू झाला आणि सूचना नसली तरी हक्क राहू लागला. म्हणून नंतरच्या काळात लेखकाने परवानगी स्पष्ट शब्दांत लिहिणे आणखीच गरजेचे झाले. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीला स्वामित्वहक्क कायद्यात साहित्यकृतीचे स्थान मिळाले.

या व्यवस्थेवर पहारेकरी नव्हता. सगळी भिस्त विश्वासावर होती, आणि त्याला तडेही गेले. विकाऊ खेळांची कुलपे तोडून त्यांच्या चोरट्या प्रती वाटणाऱ्या टोळ्या त्याच काळात होत्या. स्वित्झर्लंडमधील अशाच एका टोळीच्या नावाने ‘एससीए’ हा अमिगावरील पहिला विषाणू १९८७ मध्ये पसरला. चकतीच्या अगदी आरंभीच्या १०२४ बाइटमध्ये तो दडे, संगणकाच्या स्मृतीत उतरे आणि पुढे घातलेल्या प्रत्येक उघड्या चकतीवर स्वतःची प्रत काढे. चकतीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवली की तिच्यावर काही लिहिता येत नसे. हा साधा उपाय मंडळांनी सभासदांच्या अंगवळणी पाडला. न विचारता स्वतःची प्रत काढणारी आज्ञावली आणि विचारून काढलेली प्रत, दोन्ही त्याच चकतीवरून हिंडत होत्या.

चकत्या संपल्या, रीत उरली

जानेवारी १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधून ‘अमिनेट’ हा संगणक-जाळ्यावरचा संग्रह सुरू झाला. फिशही सीडीकडे वळला. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर कंपनीने दिवाळे काढले आणि त्याच वर्षी चकत्यांची मालिका थांबली. फिश पुढे मुक्त आज्ञावलींच्या कामातच राहिला. २० एप्रिल २००७ रोजी त्याचे निधन झाले. आज्ञावलीतील चुका शोधण्यासाठी त्याने लिहिलेले ‘डीबग’ नावाचे साधन मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहितीसंग्रह-प्रणालीच्या संहितेत सामावले गेले आहे.

हजार चकत्यांचा सारा ऐवज ९० कोटी बाइट भरतो. आज खिशातल्या फोनमधल्या मोजक्या चित्रफितीही तेवढी जागा घेतात. आता प्रत काढायला बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि कदाचित म्हणूनच लेखकाचे नाव वाटेत सहज गळून पडते. आपण शिक्षकही एकमेकांच्या प्रश्नपत्रिका, तक्ते, स्वाध्याय पुढे धाडतो. मुळात कोणी रात्री जागून ते केले, हे किती वेळा कळते?

वर्गात दोन गोष्टी करून पाहाव्यात असे आम्ही सुचवतो. दहा मुलांची साखळी करून पाच-पाच अंकी सहा संख्या एकाकडून दुसऱ्याने उतरवून घ्याव्यात. आधी नुसत्या, मग खाली त्यांची बेरीज लिहून, ती पडताळून. चुका कोठे सापडतात ते मुलांनाच शोधू द्यावे. दुसरी गोष्ट याहून सोपी. मुलांनी केलेल्या तक्त्याखाली त्यांना तीन ओळी लिहायला सांगाव्यात: हे कोणी केले, कोणाचे पाहून केले, आणि याची प्रत काढायला परवानगी आहे की नाही. तिसऱ्या ओळीत ‘आहे’ लिहायचे की ‘नाही’, हे मात्र त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.