नौकेवरील संयुक्त चार्जिंग : सोलर पॅनल व अल्टर्नेटर

नौकेवरील संयुक्त चार्जिंग : नौकेच्या बॅटऱ्या सोलर पॅनल आणि इंजिनावरचा अल्टर्नेटर या दोन्हींनी भरण्याची व्यवस्था. तिची खरी गरज शिडाच्या नौकेला असते. तिचे इंजिन थोडाच वेळ चालते. दिवे, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ आणि ऑटोपायलट यांना मात्र वीज रात्रंदिवस लागते.

गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी शिडाची नौका ‘म्हादेई’ २००९ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच कुठेही न थांबता केली. अशा विनाथांबा सफरीत वाटेत डिझेल मिळत नाही. त्यामुळे उन्हातून आलेली वीज म्हणजे वाचलेले डिझेलच. मात्र ढगाळ दक्षिण महासागरात नुसत्या उन्हावर विसंबणे धोक्याचे असते.

दोन्ही स्रोत एकाच बॅटरीला समांतर जोडले तरी एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण प्रत्येकाचा नियंत्रक स्वतंत्र असतो. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचा दाब साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढला, की ज्याची मर्यादा कमी ठेवलेली असते तो आधी हात आखडता घेतो. रिकाम्या बॅटरीत अल्टर्नेटर झपाट्याने वीज भरतो. पण सुमारे ८० टक्क्यांनंतर बॅटरीच प्रवाह कमी घेऊ लागते आणि उरलेल्या भागाला कित्येक तास लागतात. तेवढ्यासाठी इंजिन घरघरत ठेवणे ही डिझेलची उधळपट्टी होय. ते काम उन्हाने दिवसभरात सावकाश करावे. नेहमी अर्धवट भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचून ती लवकर मरते, म्हणून सकाळी इंजिन आणि नंतर ऊन हा क्रम उत्तम.

लिथियम बॅटरी शेवटपर्यंत मोठा प्रवाह ओढते. कमी फेऱ्यांवर चालणारा अल्टर्नेटर त्याने तापून जळू शकतो. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवतात. इंजिन चालू असताना बॅटरी अचानक तोडल्यास दाब उसळून अल्टर्नेटरचे डायोड जातात. प्रत्येक स्रोताच्या तारेवर बॅटरीजवळ फ्यूज हवाच. खाऱ्या हवेत कल्हई केलेली तांब्याची तार टिकते.

पॅनलच्या एका कोपऱ्यावर डोलकाठीची सावली पडली तरी उत्पादन बरेच घटते. अक्षांशाचाही फरक पडतो. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी भरदुपारचा सूर्य मालवणात क्षितिजावर सुमारे ५०° असतो, लखनौच्या हज़रतगंजात सुमारे ४०°. त्यामुळे हज़रतगंजच्या उत्तरेस गोमतीवर एखाद्या होडीच्या टपावर सपाट टाकलेल्या पॅनलला त्या वेळी थेट ऊन मालवणपेक्षा सुमारे एक षष्ठांश कमी मिळते. हिवाळ्यातले धुके आणखी वेगळे.

कोकणात पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैत, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. इंजिन बंद, त्यामुळे अल्टर्नेटरही बंद. बॅटरी आपोआप उतरत जाते. नियंत्रकासह लावलेले लहानसे पॅनल ती भरलेली ठेवते, मात्र ते ताडपत्रीच्या वर बसवलेले असले पाहिजे.