एका प्रतीच्या अनेक प्रती

हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकावर ठेवून अनेक अभ्यासकांकडून ती उतरवून घेण्याच्या प्रणाली आज तयार होत आहेत. पालि ग्रंथांसाठी अशा प्रणालीचा विचार करताना आम्हांस सोलापूरशी निगडित एक जैन प्रकरण फार बोलके वाटते.

मूडबिद्रीच्या भांडारातील ‘धवला’ टीकेची ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये सुरू झालेले नकलेचे काम १९२२ पर्यंत चालले. प्रत बाहेर देण्यास भांडाराची अनुमती नव्हती. नक्कलकार गजपतिशास्त्री यांनी ती गुप्तपणे बाहेर नेली. सहारनपूर येथे तिची नागरी प्रत झाली आणि तिच्यावरून इतर प्रती पसरल्या.

डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड काढला तो अमरावती, आरा व कारंजा येथील प्रतींवरून. प्रती तीन, मूळ एकच! ९३व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द तिन्हींत नव्हता. संदर्भास तो आवश्यक असल्याचे संपादकांनी तळटीपेत सुचविले. स्त्रीमुक्तीच्या जुन्या विवादास हा शब्द भिडत असल्याने वादंग माजले. पुढे ताडपत्र पडताळता तो तेथे आढळला.

म्हणूनच दोघांनी परस्परांचे न पाहता मूळ छायाचित्रावरूनच उतरवावे आणि सुचविलेला पाठ वेगळा दिसावा, ही सोय प्रणालीत आम्ही प्रथम मागू. ‘षट्खंडागमा’ची सुधारित आवृत्ती १९७३ पासून सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली.