युद्धखेळाचा नकाशा आणि इतिहासाची कसोटी : पानिपतच्या संदर्भात

प्रस्तावना :
युद्धविषयक डावपेचांच्या खेळाला सव्वादोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. हेलविग यांचा १७८० चा खेळ बुद्धिबळासारख्या चौकोनी पटावर खेळला जाई. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट रायस्विट्झ यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळात पटाऐवजी १:८००० प्रमाणाचा भूप्रदेशाचा नकाशा आला. शत्रूच्या ज्या हालचाली दिसू शकतील तेवढ्याच पंच त्या त्या पक्षाला दाखवी. अशा खेळाच्या नकाशावर इतिहासाच्या अभ्यासकाने अभिप्राय कसा द्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
विद्यार्थ्यांनी पानिपतच्या तिसऱ्या युद्धावर खेळासाठी तयार केलेला एक नकाशा प्रस्तुत लेखकाकडे अभिप्रायासाठी आला. रेखाटन सुबक होते. पानिपत गाव, समोरासमोर दोन छावण्या आणि दोन्ही पक्षांना समान रसद, एवढेच त्यात होते. खेळाचा आरंभ १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी होता.

पहिला आक्षेप नकाशाच्या सीमेविषयी होता. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. त्यामुळे तो मराठी छावणी आणि दिल्ली यांच्यामध्ये आला. म्हणजे मराठे उत्तरेस व अब्दाली दक्षिणेस, अशी उलटी मांडणी झाली. अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. कुंजपुरा, बागपत, दिल्ली आणि अंतर्वेदी ज्या नकाशात नाहीत, त्यात उपासमारीलाही जागा उरत नाही. मग पराभवाचा सारा भार भाऊसाहेबांच्या एका दिवसाच्या निर्णयांवर पडतो.

दुसरा आक्षेप समतोलाविषयी होता. दोन्ही खेळाडूंना जिंकण्याची संधी हवी, हे मान्यच आहे. परंतु त्यासाठी समान रसद देणे म्हणजे इतिहास पुसणे होय. खेळ ऑक्टोबरपासून सुरू केला, तर यमुनेच्या उतारांवर पहारा ठेवायचा की कुंजपुऱ्याकडे जायचे, हा खरा पेच खेळाडूपुढे येतो.

तिसरा मुद्दा माहितीचा होता. अब्दालीने नदी ओलांडल्याचे मराठ्यांना वेळीच कळले नाही. सारा पट दोघांनाही दिसत असेल, तर ही चूक अनाकलनीय ठरते. येथे रायस्विट्झ यांचा पंच आवश्यक आहे. तसेच नदीचे आजचे पात्र १७६० चे म्हणून रेखाटणेही टाळले पाहिजे.

समारोप :
सारांश, नकाशात काय चुकले यापेक्षा काय वगळले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. नकाशाची चौकट ठरवताना आपण युद्धाची कारणमीमांसाही ठरवत असतो. सुधारित नकाशावर खेळताना विद्यार्थ्यांनी प्रथम विचारले ते धान्य किती दिवस पुरेल हे. पानिपतच्या आकलनाचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावा, असे वाटते.