डिओ मारला तरी घाम का येतो?

कारण घाम थांबवणं हे डिओचं कामच नाही. डिओडरंट वासावर काम करतो, तर अँटीपर्स्पिरंट घामावर. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि आपण दोघांनाही ‘डिओ’च म्हणतो, म्हणून गल्लत होते.

वास कशामुळे येतो?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर पसरलेल्या एक्रिन ग्रंथींमधून येणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत मात्र अपोक्राइन ग्रंथीही असतात. त्या वयात येताना सुरू होतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिनं आणि मेदयुक्त पदार्थ असतात. त्वचेवरचे जिवाणू ते पदार्थ तोडतात आणि त्यातून उग्र वासाची रसायनं तयार होतात. म्हणूनच लहान मुलं घामाने निथळली तरी त्यांच्या काखेला मोठ्यांसारखा वास येत नाही.

दोघांचं काम कसं चालतं?

डिओडरंटमधलं अल्कोहोल किंवा इतर जंतुनाशक घटक जिवाणू कमी करतात आणि सुगंध उरलेला वास झाकतो. घाम येतच राहतो.

अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळून घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं तात्पुरतं बूच तयार करतात. काही काळाने ते आपोआप निघून जातं. घाम पूर्ण बंद होत नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार साध्या अँटीपर्स्पिरंटने तो साधारण २० टक्के कमी केला तरी पुरतं.

कधी लावायचं?

डिओडरंट आंघोळीनंतर लावा. अँटीपर्स्पिरंट रात्री झोपताना, कोरड्या काखेत लावलं तर जास्त चांगलं काम करतं. तेव्हा घाम कमी असतो, त्यामुळे ते वाहून जात नाही.

तुरटी चालते का?

चालते. ती जिवाणूंची वाढ रोखते, त्यामुळे वास कमी होतो. पण ‘ॲल्युमिनियम नको म्हणून तुरटी’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. नेहमीची तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट.

कॅन्सर होतो का?

अँटीपर्स्पिरंटमुळे स्तनांचा कॅन्सर होतो, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या माहितीनुसार असा संबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र ते वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

विकत घेताना काय बघाल?

डब्यामागची घटकांची यादी वाचा. ‘ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट’सारखं नाव असेल तर ते अँटीपर्स्पिरंट. कपडे भिजत असतील तर ते घ्या, फक्त वासाचा त्रास असेल तर डिओडरंट पुरेल.

आणि काही न करता तळवे, काखा सतत ओल्या राहत असतील किंवा रात्री अंथरूण भिजण्याइतका घाम येत असेल, तर नवा ब्रँड शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.