चॉकलेट, गिरणीचं कापड आणि आपला चिरा

चॉकलेट घ्यावं की नाही, असा प्रश्न हल्ली बऱ्याच पालकांना पडतो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथल्या मळ्यांत मुलं राबतात. बड्या कंपन्यांनी २००१ साली करार केला की २००५ पर्यंत यातले सर्वांत वाईट प्रकार थांबवू. मुदत पुढे पुढे जात राहिली. २०२० मध्ये अहवाल आला: या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं!

मग बहिष्कार घालायचा का? उत्तर देण्याआधी आपलाच इतिहास बघू. दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न मुंबईच्या कापडाबद्दल विचारला जात होता.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांना माणसं पुरवली ती मुख्यतः आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने. वेळणेश्वर, हेदवी, गुहागरकडचा माणूस दाभोळहून बोटीत बसायचा आणि गिरणीत लागायचा. त्या गिरण्यांत सात-आठ वर्षांची पोरंही मोठ्यांच्या बरोबरीने दिवसभर उभी असत.

१८७५ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा विषय इंग्लंडच्या संसदेत काढला. गंमत अशी की त्याच वेळी मँचेस्टरचे व्यापारीही आपल्या मुलांसाठी कळवळू लागले. मुंबईचा स्वस्त माल त्यांना जड जात होता ना! गिरणीमालक म्हणाले, हा लँकेशायरचा डाव आहे. आपल्याकडच्या बऱ्याच राष्ट्रवादी पत्रांनीही तीच बाजू घेतली. डावाचा संशय खोटा नव्हताच. पण विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, पोराच्या कामाचे तास तेवढेच होते.

हे ओळखलं मुंबईच्याच एका पारशी गृहस्थाने. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा केला. १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट आला: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बाराच्या मुलाला दिवसाला नऊ तासच. नऊ तास! आणि तेही शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यातच. जन्माचा दाखला कुणाकडे नसे, त्यामुळे वय अंदाजाने ठरायचं.

खरा जोर आला तो कामगार स्वतः बोलू लागले तेव्हा. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, पगार वेळेवर आणि अपघाताची भरपाई. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने मुलांचं किमान वय नऊ केलं आणि तास सातवर आणले. १९२२ पासून वय बारा, १९४८ च्या कायद्यात चौदा. सातावरून चौदावर यायला ६७ वर्षं लागली.

आता उलट उदाहरण. बालमजुरांनी बनवलेला माल नको, असं विधेयक १९९२ मध्ये अमेरिकेत आलं. नुसत्या धास्तीने बांगलादेशच्या कपडे कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली. शाळा नाही, घरी पैसा नाही. त्यातली कित्येक दगड फोडायला गेली, काही त्याहून वाईट कामाला. १९९५ मध्ये शाळा आणि विद्यावेतनाचा करार झाला, तेव्हा कुठे वाट निघाली.

म्हणून मला वाटतं, चॉकलेट सोडून आपलं मन शांत होईल, पण पोर शाळेत जाईलच असं नाही. त्याला कायदा लागतो, तपासणारा लागतो आणि आईबापाच्या हातात पुरेशी मजुरी लागते. गिऱ्हाइकाने आग्रह धरायचा तो या तिन्हींचा.

आणि सुरुवात आफ्रिकेपासून कशाला? आपल्याकडे पर्यटन वाढलं, जागोजागी होमस्टे उभे राहतायत. त्यांना लागणारा चिरा ज्या खाणींतून येतो, तिथे कर्नाटकातून आलेली कुटुंबं राहतात. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांची मुलं कुठल्या शाळेच्या पटावर आहेत? चिऱ्याचा दर विचारताना हेही विचारा. आंब्याची पेटी घेताना बागायतदाराला विचारा. उत्तर 'नाही' आलं तर त्या माणसांचं काम तोडू नका. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला सांगा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला प्रवेश द्यावाच लागतो, दाखला नसला तरी.

तुमच्या गावात अशी मुलं असतील तर कळवा. मी बातमी करीन, पण आधी शाळेत नाव घालू.